दहाचे दोन भाग, गुणाकार एकवीस

दहाचे असे दोन भाग करा की त्यांचा गुणाकार एकवीस यावा. सातवीतल्या मुलाला हे तोंडी विचारले तर तो थोडा वेळ छताकडे बघतो आणि सात, तीन म्हणतो. कसे काढलेस, असे विचारले की गप्प बसतो. कारण त्याने ते काढलेले नसते, त्याला ते दिसलेले असते. सात त्रिक एकवीस त्याला पाठ आहे, सात आणि तीन दहा होतात हेही ठाऊक आहे, काम झाले. आता त्याच मुलाला सांगा, दहाचे असे दोन भाग कर की गुणाकार वीस यावा. पाच चोक वीस, पण बेरीज नऊ. दहा दुणे वीस, बेरीज बारा. मग मान खाली.

मला लिहायचे आहे ते या खाली गेलेल्या मानेबद्दल. आठवीत ‘बैजिक राशींचे अवयव’ हा धडा येतो आणि दहावीत वर्गसमीकरण. दोन्हीकडे मुलांना एकच काम करावे लागते: ज्यांची बेरीज इतकी आणि गुणाकार इतका आहे असे दोन आकडे शोधा. ‘शोधा’ म्हटले जाते, पण कसे शोधायचे ते बहुतेक वर्गांत सांगितलेच जात नाही. गुणाकाराचे अवयव मांडा, जोड्या लावा, जमते का पाहा. जिला पटकन दिसते ती हुशार ठरते. जिला मिनिटभरात दिसत नाही ती शेजारणीच्या वहीत डोकावते आणि दोन-तीन वेळा असे झाले की स्वतःच निकाल लावून टाकते, ‘मेरेकू नहीं आता.’ जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या उर्दू आणि मराठी शाळांत शिकवताना हे वाक्य मी दोन्ही भाषांत इतक्या वेळा ऐकले आहे की ते कोणत्या इयत्तेत सुरू होते हेसुद्धा सांगू शकतो. आठवीच्या दुसऱ्या सत्रात.

पुढे दहावी होते. मुलगी बऱ्या गुणांनी पास होते आणि घरात ठरते की आर्ट्सला घाला, गणित तिच्या बस की बात नाही. आर्ट्स वाईट आहे असे मी म्हणत नाही, मी स्वतः भाषा शिकवतो. पण आवड म्हणून आर्ट्सला जाणे वेगळे आणि अकराव्या-बाराव्या गणिताला भिऊन जाणे वेगळे. फार्मसी, नर्सिंग, बी.एस्सी., संगणक, बँकेच्या परीक्षा, या सगळ्या दारांवर थोडेफार गणित पहारा देत उभे असते. आणि ती भीती बसलेली असते एका अंदाजाच्या खेळावरून, ज्याला गणित म्हणणेही मला जड जाते.

सुरुवातीचे दहा आणि एकवीसचे उदाहरण माझे नाही. ते सुमारे बाराशे वर्षांपूर्वीचे आहे. खलिफा मामूनच्या काळात, म्हणजे इसवी सन ८१३ ते ८३३ या वर्षांत, बगदादमध्ये मुहम्मद बिन मूसा अल-ख्वारिझ्मी यांनी हिसाबाचे एक छोटे पुस्तक लिहिले. त्याच्या नावातच ‘अल-जब्र वल-मुकाबला’ हे शब्द आहेत आणि त्यातल्या ‘अल-जब्र’वरून जगभर अल्जेब्रा झाला. मुले ‘जबर’ ऐकून हसतात, त्यांना जबरदस्ती आठवते. अरबीत जब्र म्हणजे मोडलेले सांधणे. हाड बसवणाऱ्यालाही तोच धातू लागतो. समीकरणाच्या एका बाजूला काही उणे झाले असेल तर ते दुसरीकडे भरून काढायचे, हा तो जब्र. पुस्तकात क्ष नाही, अधिक-उणेची चिन्हे नाहीत, आकडेसुद्धा शब्दांत लिहिले आहेत. अज्ञात संख्येला ते ‘शय’ म्हणतात, म्हणजे वस्तू, आणि मुळाला ‘जिज्र’. उर्दू माध्यमाच्या मुलांना वर्गमुळासाठी जज्र हा शब्द आजही पुस्तकात भेटतो. मराठी माध्यमातले ‘मूळ’ आणि अरबीतले ‘जिज्र’ दोन्हींचा अर्थ झाडाचे मूळ, ही गंमत मी दरवर्षी वर्गात सांगतो.

ख्वारिझ्मी अंदाज करायला सांगत नाहीत. ते कृती सांगतात. दहाचे निम्मे करा: पाच. पाचाचा वर्ग करा: पंचवीस. त्यातून गुणाकार वजा करा: पंचवीसातून एकवीस गेले, चार उरले. चाराचे मूळ दोन. हे दोन पाचात मिळवा, सात. पाचातून वजा करा, तीन. संपले.

आता मघाचा वीस घ्या. पंचवीसातून वीस गेले, पाच उरले. पाचाचे मूळ साधारण २.२३६. म्हणजे एक भाग ७.२३६ आणि दुसरा २.७६४. बेरीज बरोबर दहा, गुणाकार करून पाहिला तर वीसपेक्षा केसभर जास्त, कारण मूळ आपण तीन दशांशांपर्यंतच घेतले. पाढ्यांत हे दोन आकडे कितीही शोधले असते तरी सापडले नसते. मुलाची मान खाली गेली ती पाढे कच्चे होते म्हणून नव्हे, त्याला दिलेले हत्यार तेवढे लांब पोचत नव्हते.

कृती पाठ झाली की परीक्षेचे काम होते, पण ती का चालते हे कळले नाही तर तीही मंत्रासारखीच राहते. ते कळायला वही लागत नाही. चिंचोके घ्या किंवा रमजाननंतर घरात साठलेल्या खजुराच्या बिया घ्या, एकवीस. जमिनीवर सात-सातच्या तीन ओळी मांडा. हा सात गुणिले तीन. आता उजव्या टोकाचे दोन उभे रांगोटे उचला, प्रत्येकात तीन, म्हणजे सहा बिया. त्या सहा उरलेल्या ढिगाच्या डोक्यावर तीन-तीनच्या दोन आडव्या ओळी करून डावीकडून लावा. काय दिसते? पाच रुंद, पाच उंच असा चौरस झाला, फक्त वरच्या उजव्या कोपऱ्यात खिंडार आहे. खिंडारात किती बिया मावतील? दोन गुणिले दोन, चार. पंचवीसातून एकवीस गेल्यावर उरलेले चार म्हणजे हेच खिंडार आणि त्याची बाजू दोन म्हणजे सात आणि तीन हे पाचापासून जितके दूर आहेत ते अंतर. एक आकडा निम्म्याच्या जितका पुढे, दुसरा तितकाच मागे. बेरीज ठरलेली असली की दोन्ही आकडे निम्म्याच्या दोन बाजूंना सारख्याच अंतरावर उभे राहतात, त्यांना दुसरी जागाच नाही. ख्वारिझ्मींनीही आपल्या कृतीचा खुलासा चौरस-आयताच्या आकृत्या काढूनच केला आहे.

हे बियांचे मांडणे वर्गात केले की सर्वांत आधी कोण बोलते? बहुधा मागच्या बाकावरची मुले. त्यांना खिंडार लगेच दिसते.

बेरीज विषम असली की मात्र निम्मे अपूर्णांकात येते आणि मुले कचरतात. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात एक उदाहरण आहे: बेरीज २७, गुणाकार १८२. निम्मे साडेतेरा, वर्ग १८२.२५, वजा १८२, उरले पाव, मूळ अर्धा. म्हणून चौदा आणि तेरा. चुकीचे काही नाही, पण दशांश आला की हात थरथरतो. इथे दुसरी वाट सोपी पडते आणि ती वाट आपल्या खानदेशाच्या दारातून जाते.

चाळीसगावहून कन्नडच्या डोंगरांकडे साधारण अठरा किलोमीटरवर पाटण आहे, पाटणादेवी म्हणून सगळ्यांना माहीत. गौताळा अभयारण्याचा भाग. पावसाळ्यात धबधबे बघायला शाळांच्या सहली जातात. तिथल्या देवीच्या मंदिरात एक शिलालेख सापडला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ मध्ये अभ्यासकांसमोर आणला. शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०६-०७ च्या सुमाराचा. त्यात लिहिले आहे की देवगिरीच्या यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव याने आपले आजोबा भास्कराचार्य यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ स्थापला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेव राजाने त्याला दान दिले. लेख संस्कृतात आहे, पण शेवटच्या काही ओळी त्या काळच्या मराठीत आहेत. त्या ओळींत दानाचा तपशील आहे: पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावरचा हिस्सा, घाण्यांकडून तेल. मला या ओळी फार आवडतात. आठशे वर्षांपूर्वी चाळीसगावच्या बाजूच्या तेल्याच्या घाण्यातून थोडे तेल गणिताच्या शाळेच्या दिव्यात जात होते.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. त्यांचे गाव बिज्जलविड नेमके कोणते यावर अभ्यासकांत एकमत नाही, पण त्यांची विद्या पाटणला शिकवली जात होती हे दगडावर कोरलेले आहे. ११५० मध्ये पुऱ्या झालेल्या त्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चे ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे भाग. बीजगणितातला एक नियम असा: दोन संख्यांच्या बेरजेच्या वर्गातून त्यांच्या गुणाकाराची चौपट वजा केली की त्यांच्या फरकाचा वर्ग उरतो. २७ चा वर्ग ७२९. १८२ ची चौपट ७२८. उरला एक, त्याचे मूळ एक, म्हणजे दोन आकड्यांतला फरक एक. मग ‘लीलावती’तले संक्रमण लावा: बेरजेत फरक मिळवून निम्मे करा, बेरजेतून फरक वजा करून निम्मे करा. अठ्ठावीसचे निम्मे चौदा, सव्वीसचे निम्मे तेरा. कुठेही अपूर्णांक नाही. संक्रमणासाठी लीलावतीत दिलेले उदाहरण बेरीज १०१ आणि फरक २५ असे आहे. उत्तर ६३ आणि ३८. पाचवीच्या मुलाला जमेल.

दोन्ही वाटा मुळात एकच आहेत, एकीत आधी निम्मे करतात आणि दुसरीत शेवटी. मी मुलांना सांगतो, बेरीज सम असेल तर ख्वारिझ्मी, विषम असेल तर भास्कराचार्य. मुलांना ते लक्षात राहते.

या दोन वाटा कागदावरही भेटल्या. अबुल फजलचा थोरला भाऊ, अकबराच्या दरबारातला शायर फैजी, याने १५८७ मध्ये ‘लीलावती’ फारसीत आणली. चारच वर्षांनी, १५९१ मध्ये, अकबराने त्याला वकील म्हणून दख्खनकडे धाडले ते खानदेशच्या राजा अली खान फारुकीकडे आणि अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे. म्हणजे लीलावतीचा फारसी अनुवादक आपल्या रावेरच्या पलीकडच्या बुऱ्हाणपुरात येऊन राहिला होता. पुढे शाहजहानच्या काळात, १६३४-३५ मध्ये, अताउल्लाह रशीदी यांनी ‘बीजगणित’ फारसीत केले. त्यांचे वडील उस्ताद अहमद लाहोरी, ताजमहालाचे मेमार.

लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, तिच्या लग्नाच्या घटिकापात्रात मोती पडून पाणी अडले, मुहूर्त टळला आणि वडिलांनी तिच्या नावाने पुस्तक लिहिले, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. ती पहिल्यांदा लिहिलेली मिळते ती फैजीच्या फारसी प्रस्तावनेत. गोष्ट म्हणून ती करुण आहे आणि मला तिच्यापेक्षा पुस्तकातली एक साधी बाब महत्त्वाची वाटते. त्यातली कितीतरी उदाहरणे मुलीला हाक मारून घातलेली आहेत. सांग बरे, मुली, इतक्या हंसांपैकी किती उरले, अशा धाटणीची. बाराव्या शतकातले अंकगणिताचे पुस्तक समोर मुलगी बसली आहे असे धरून लिहिले आहे, आणि आपण आज आठवीतल्या मुलीला म्हणतो, गणित तुझे काम नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो. आपल्या जलशांत अल-जब्रचे नाव निघाले की टाळ्या पडतात, दुसरीकडच्या सभांत भास्कराचार्यांचे नाव निघाले की तिथेही पडतात. टाळ्या वाजवणाऱ्या दोन्हीकडच्यांना बेरीज दहा आणि गुणाकार वीस घातला तर किती जण सोडवतील? आणि मालकीच सांगायची तर दोघांचीही सांगता येत नाही. आजच्या इराकमधल्या प्राचीन बाबिलोनच्या मातीच्या विटांवर, साधारण पावणेचार हजार वर्षांपूर्वी, लांबी-रुंदीची बेरीज आणि क्षेत्रफळ देऊन बाजू काढायला सांगितल्या आहेत आणि रीत निम्मे करून वर्ग करण्याचीच आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक पो-शेन लो यांनी वर्गसमीकरण शिकवायला हीच निम्म्याची रीत पुढे आणली तेव्हा वर्तमानपत्रांत मोठा गाजावाजा झाला. त्यांनी स्वतः सांगितले की यातले तुकडे फार जुने आहेत.

ख्वारिझ्मींनी हे पुस्तक कशासाठी लिहिले ते प्रस्तावनेत सांगितले आहे: वारसा, वसीयत, वाटणी, दावे, व्यापार, जमिनीची मोजणी, कालवे खोदणे. पुस्तकाचा मोठा भाग वसीयत आणि वारशाच्या हिशेबांनीच भरला आहे. सूरह निसामध्ये हिस्से ठरवून दिलेले आहेत, पण ते प्रत्यक्ष दिरहम आणि जमिनीत उतरवायला हिसाब लागतो. आपल्याकडे हा भाग आजही जिवंत आहे, आणि दोन आकड्यांची बेरीज आणि गुणाकार इथे फार खरा होतो.

समजा, वाटणीत दोन आयताकृती तुकडे निघाले. दोन्हींच्या भोवती दोरी फिरवली तर दोनशे-दोनशे मीटर. घेर सारखा, म्हणून वाटणी सारखी, असे कोणी म्हणाले तर? पन्नास बाय पन्नासचा घेर दोनशे, क्षेत्र २५०० चौरस मीटर, म्हणजे २५ आर. ऐंशी बाय वीसचाही घेर दोनशे, क्षेत्र १६०० चौरस मीटर, १६ आर. नव्वद बाय दहा, नाल्याच्या कडेची लांब पट्टी, तिचाही घेर दोनशेच आणि क्षेत्र अवघे ९ आर. आणि अशी पट्टी बहुधा कोणाच्या नावावर जाते हे आपल्या गावांत सांगायला नको. बहिणीने घेर ऐकून मान डोलावू नये, सातबाऱ्यावरचे हेक्टर-आर वाचावे. उलटही करता येते. सातबाऱ्यावर २४ आर लिहिले आहे, तुकडा आयताकृती आहे आणि टेपने घेर दोनशे मीटर भरला. लांबी-रुंदीची बेरीज शंभर, निम्मे पन्नास, वर्ग २५००, वजा २४००, उरले १००, मूळ दहा. साठ बाय चाळीस असायला हवे. शेताच्या एका बाजूला टेप लावून ते पडताळून पाहायला पाच मिनिटे लागतात.

बेरीज तीच राहिली तर गुणाकार सर्वांत मोठा तेव्हा, जेव्हा दोन्ही आकडे सारखे. खिंडार नाहीसे झाले की. म्हणून दहाच्या दोन भागांचा गुणाकार पंचवीसच्या वर जाऊच शकत नाही. ख्वारिझ्मींनी हेही लिहून ठेवले आहे: निम्म्याचा वर्ग गुणाकारापेक्षा लहान असेल तर प्रश्नच अशक्य आहे. शिक्षकांना हे वाक्य फार उपयोगाचे आहे. ‘उत्तर नाही’ हेसुद्धा उत्तर असते, आणि ते आधीच ओळखता येते, हे मुलांना कोणी सांगतच नाही. १५४५ मध्ये इटलीतल्या कार्दानोने मुद्दाम दहाचे असे दोन भाग करायला घेतले की गुणाकार चाळीस यावा. पंचवीसातून चाळीस गेले, उणे पंधरा. त्याचे मूळ कसे काढणार? त्याने ते तसेच लिहून गुणाकार करून दाखवला आणि वर म्हटले की हे जितके सूक्ष्म तितकेच निरुपयोगी. आज विजेच्या प्रवाहाचे हिशेब करणाऱ्या इंजिनिअरचे या ‘निरुपयोगी’ आकड्यांवाचून पान हलत नाही.

घरी हे शिकवायला अम्मीचे शिक्षण किती झाले आहे याने फरक पडत नाही. रात्री दस्तरखान उचलल्यावर एकाने मनात दोन आकडे धरायचे आणि फक्त बेरीज आणि गुणाकार सांगायचा. दुसऱ्याने आकडे ओळखायचे. सुरुवातीला लहान आकडे आणि बिया, मग कागद, मग तोंडी. एकच अट: अंदाजाने सांगितले तर धरायचे नाही, कसे काढले ते सांगायचे. निम्मे किती, वर्ग किती, खिंडार किती. आठ-दहा दिवसांत मुले मोठ्यांना हरवू लागतात. त्यानंतर पुस्तकातले अवयव काढायला बसवा. मधल्या पदाची फोड करायची म्हणजे आपण रात्री खेळत होतो तेच, हे त्यांना सांगावे लागत नाही. फक्त उणे चिन्ह असलेली उदाहरणे थोडी थांबून घ्या, एका दिवशी एकच.

सुरुवात करायला चार जोड्या देतो. बेरीज ३४, गुणाकार २८०. बेरीज २१, गुणाकार १०४. बेरीज १२, गुणाकार ३०. बेरीज १६, गुणाकार ७०. यांपैकी एकीचे उत्तर पूर्णांकात येत नाही आणि एकीला उत्तरच नाही. कोणत्या त्या, हे मुलांनी सांगायचे आहे. तेवढा वेळ मोठ्यांनी गप्प बसावे.